नेट आणि लँडलाइन: स्वस्तातलं कुणाचं घ्यावं?

*ए-२०३:* नमस्कार मंडळी. आमच्या नेटचं वर्ष संपत आलंय आणि रिन्यूअलचा आकडा बघून डोळे पांढरे झाले. घरात आम्ही दोघं आणि आई. साधंसं नेट हवंय, सोबत लँडलाइनही. आईला मोबाइलचं स्क्रीन जमत नाही. तुमच्याकडे कुणाकुणाचं आहे आणि कसं चालतं?

*सी-५०१:* आमच्याकडे ३०० एमबीपीएस. एकदम मक्खन 👌

*बी-१०२ काका:* मक्खन म्हणजे किती? मोजलंय?

*सी-५०१:* काका, प्लॅनच ३०० चा आहे ना

*बी-१०२ काका:* प्लॅन झाला, माप कुठंय? राउटरला वायरने लॅपटॉप जोडून मोजा. वायफायवरचा आकडा तुमच्या भिंतींचा आणि फोनचाही असतो, एकट्या कंपनीचा नाही.

*सी-५०१:* वायरनेच गेम उतरवतोय आत्ता. ३६ दाखवतंय!! ३०० चे पैसे घेऊन ३६?? आज सोडत नाही त्यांना

*बी-१०२ काका:* थांबा, भांडायला जाऊ नका. ते ३६ मेगाबाइट आहेत, प्लॅन मेगाबिटमध्ये असतो. ८ बिटांचा १ बाइट. ३०० भागिले ८ म्हणजे ३७.५. तुमचं व्यवस्थित चाललंय.

*सी-५०१:* 🙈 बरं झालं आधी इथे बोललो

*ए-२०३:* पण काका, आम्हाला ३०० लागणार आहेत का?

*बी-१०२ काका:* कशाला? एचडी सिनेमाला ५ एमबीपीएसच्या आसपास लागतात, फोर-के असेल तर १५ ते २५. व्हिडिओ कॉल ३-४ मध्ये भागतो. मोठ्या टीव्हीवर फोर-के, आईंच्या टॅबवर मालिका आणि तुमचा ऑफिसचा कॉल, सगळं एकदम लावलं तरी ३५ च्या आत. ५० चा प्लॅन मिळाला तर डोळे झाकून घ्या.

*ए-४०४ ताई:* डोळे झाकून नको हो काका. अपलोड बघा आधी. मी घरून ऑनलाइन शिकवते. मागच्या कंपनीचा डाउनलोड भरपूर होता, अपलोड मात्र नावापुरता. मला मुलं स्पष्ट दिसायची, माझा चेहरा त्यांच्याकडे गोठलेला. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो तो फक्त डाउनलोड.

*बी-१०२ काका:* मान्य, ताई. हे राहिलंच होतं. फायबरवर बहुतेक वेळा दोन्ही बाजू बऱ्या असतात. टीव्हीच्या केबलवरून किंवा सिमच्या राउटरवरून नेट घेतलं तर अपलोड बराच कमी मिळतो.

*सी-३०४:* मी तर म्हणतो वायर हवीच कशाला? सिमचा राउटर घ्या, उचलून कुठेही नेता येतो.

*बी-६०३:* एकट्या माणसाला चालेल. संध्याकाळी सगळा परिसर त्याच टॉवरवर असतो, तेव्हा बघा काय होतं ते. आणि डेटाची मर्यादाही बघा.

*ए-२०३:* ‘अमर्याद’ लिहिलंय की बऱ्याच प्लॅनवर?

*बी-६०३:* वहिनी, त्याच्या शेजारी एक चांदणी असते बघा. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की इतक्या जीबीनंतर वेग १ किंवा २ एमबीपीएसवर. म्हणजे नेट चालू, पण कामाचं नाही. फोर-के तासाला ७ जीबीच्या आसपास खातं. रोज दोन तास बघितलं तर महिन्याचे ४००-सव्वाचारशे जीबी फक्त टीव्हीचे.

*बी-२०१:* लिफ्टसमोर गाडी कुणी लावलीय? हलवा कृपया

*ए-४०४ ताई:* कमी वेग आणि मोठी मर्यादा हे चालेल, उलटं नको. शंभरच्या वेगाने १०० जीबी सव्वादोन तासांत संपतात. मग त्या वेगाचं लोणचं घालायचं का?

*ए-२०३:* 😄 कळलं. आता लँडलाइनचं सांगा. नेटवाला म्हणतो फोन फुकट.

*बी-६०३:* घ्या की, पण लाइट गेली की तो फोनही जातो एवढं धरून चाला. जुन्या तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्टचा पुरवठा यायचा, म्हणून अंधारातही डायल टोन असायचा. आता फोन फायबरच्या डब्यात खोचलेला असतो आणि तो डबा तुमच्या घरच्या विजेवर चालतो.

*बी-१०२ काका:* छोटा यूपीएस लावा, राउटरसाठीचा मिळतो. मात्र त्याचे व्होल्ट आणि अँपिअर डब्याच्या ॲडॉप्टरवर लिहिलेत त्याप्रमाणेच घ्या. राउटर वेगळा असेल तर दोन्हींना वीज द्यावी लागेल. आणि आईंना वायरचा साधा फोन द्या. कॉर्डलेसचा स्टँडही विजेवरच असतो, मग यूपीएस लावून उपयोग काय?

*ए-२०३:* हे नेटवाल्याने सांगितलंच नाही!

*बी-६०३:* तो कशाला सांगेल. जुना नंबर आहे का तुमचा? तो नव्याकडे नेता येतो का ते लेखी विचारून घ्या. नंबर हलेपर्यंत जुनं कनेक्शन अजिबात बंद करू नका. एकदा सरेंडर झाला की परत मिळेलच असं नाही.

*सेक्रेटरी:* यावरून आठवलं. आपल्या लिफ्टमधला इमर्जन्सी फोन अजून जुन्या लाइनवर आहे. खर्च वाचवायला ती बंद करावी असं मागच्या मीटिंगमध्ये ठरत होतं.

*बी-१०२ काका:* साहेब, थांबवा ते. माणूस लिफ्टमध्ये अडकतो तो लाइट गेल्यावरही. आधी लिफ्टवाल्या कंपनीला विचारू, बॅटरीवरची दुसरी सोय करू, मग लाइन काढू.

*सेक्रेटरी:* 👍 पुढच्या मीटिंगला घेतो.

*सी-३०४:* पैशाचं कुणी बोलतच नाहीये. वर्षाचे एकदम भरले की दोन महिने फ्री देतात, ते घ्यावं का?

*ए-४०४ ताई:* आधी एक महिना घेऊन बघा. चाललं तर वर्ष. वर्षाचे पैसे त्यांच्या खिशात गेले की तक्रारीला कोण उभं करतं?

*बी-६०३:* आणि पहिल्या वर्षाच्या भावावर जाऊ नका. जोडणीचा खर्च, राउटरचं भाडं, डिपॉझिट, कर, दुसऱ्या वर्षाचा भाव हे सगळं धरून दोन वर्षांचा हिशेब मांडा आणि २४ ने भागा. माझ्या मेव्हण्याचा सगळ्यात ‘स्वस्त’ प्लॅन असा भागल्यावर तिघांत महाग निघाला.

*ए-२०३:* मग फायनल कुणाचं घेऊ? तिघं येतात आपल्या बिल्डिंगमध्ये.

*बी-१०२ काका:* ते इथे आकडे आल्याशिवाय कसं ठरणार? फायबरची एक लाइन ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. नेहमीच्या जीपॉन पद्धतीत त्या सगळ्यांत मिळून २.५ गिगाबिटच्या आसपास. दुपारी सगळ्यांचंच छान असतं. खरं रूप रात्री ९ नंतर दिसतं. ज्यांच्याकडे ज्या कंपनीचं आहे त्यांनी आज रात्री वायर लावून मोजा आणि डाउनलोड, अपलोड दोन्ही इथे टाका.

*ए-४०४ ताई:* आणि शेवटचा बिघाड झाला तेव्हा माणूस किती वेळाने आला तेही लिहा. मी तर आधी तेच बघेन. वेगात उन्नीस-बीस चालतं, चार दिवस बंद पडलं तर नाही चालत.

*सी-५०१:* माझ्याकडे त्याच दिवशी आला होता. दारात चिमटलेली पिवळी वायर बदलून दिली. डब्यावर लाल दिवा लागला होता.

*बी-६०३:* बघा, हे कामाचं. वायर दाराच्या फटीतून घेऊ देऊ नका कुणी.

*ए-२०३:* रात्री सगळ्यांची वाट बघते. काका, आमचा लॅपटॉप नवीन आहे, त्याला वायरचं भोकच नाही.

*बी-१०२ काका:* माझा जुना घेऊन येतो. साडेनऊला चालेल?

*ए-२०३:* या या. आईला सांगते.