सेंट आइव्ह्जची सहल: टेट, हेपवर्थची बाग आणि उरलेला दिवस

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,
जूनमध्ये इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलला जायचं ठरतंय. मुक्काम पेन्झन्सला, त्यातला एक दिवस सेंट आइव्ह्जसाठी. गटात ज्येष्ठ मंडळी आहेत, लहान मुलं आहेत आणि निम्मे शाकाहारी. टेट हे कलासंग्रहालय बघायचं नक्की आहे. बाकी काय, कुठल्या क्रमाने आणि बस न्यावी की ट्रेन? माहीतगारांनी सविस्तर लिहावं.

---

प्रेषक: ट्रुरोचे एक सभासद

सप्रेम नमस्कार,

बस सेंट अर्थ स्टेशनापर्यंतच न्या. तिथे मोठा पार्किंग तळ आहे आणि समोरच सेंट आइव्ह्जची छोटी आगगाडी लागते. बस गावात नेलीत तर चढावरच्या ट्रेनविथ तळावर ठेवून पायी उतरावं लागतं आणि परतताना तोच चढ दमलेल्या पायांनी चढायचा. गाडीचा प्रवास जेमतेम सव्वाचार मैलांचा, पण जाताना उजव्या खिडकीशी बसा. आधी हेलची खाडी, मग सगळा उपसागर आणि पलीकडे गॉडरेव्हीचं दीपगृह, सगळं त्याच बाजूला आहे. उन्हाळ्यात दहानंतरच्या गाड्यांत उभं राहायलाही जागा नसते, म्हणून त्याआधीची पकडा.

क्रमाचं म्हणाल तर बहुतेक लोक आधी टेटला जातात आणि तिथेच दुपार होते. माझं मत उलट आहे. टेटमधली चित्रं ज्या गावातून आली ते गाव आधी डोळ्यांखालून गेलं, की आत फार वेगळं दिसतं. म्हणून सुरुवात हेपवर्थच्या घर आणि बागेपासून करा.

शिल्पकार बार्बरा हेपवर्थ 1949 पासून 1975 पर्यंत ट्रेविन स्टुडिओत काम करत होत्या. 1975 साली तिथेच लागलेल्या आगीत त्यांचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी घर लोकांसाठी खुलं झालं आणि 1980 पासून टेट ते सांभाळतं. जागा खरोखरच लहान आहे. चाळीस जण एकदम शिरले तर कोणालाच काही दिसणार नाही. दहा-बाराच्या तुकड्या करा, वेळेची तिकिटं आधी काढा. टेट आणि हेपवर्थ यांचं एकत्र तिकीट मिळतं, ते स्वस्त पडतं. लंडनच्या टेटसारखा इथे मोफत प्रवेश नाही, हे गटाला आधीच सांगा, नाहीतर दारात कुरकुर होते. अठराच्या आतल्यांना मात्र तिकीट पडत नाही.

बागेत घाई करू नका. ब्राँझची शिल्पं बहुतेक त्यांनी स्वतः ठेवली होती तिथेच आहेत. भोक पाडलेल्या शिल्पासमोर नुसतं उभं राहून काही कळत नाही. त्या भोकातून पलीकडे काय दिसतं ते बघत हळूहळू फिरा: कधी झाडाचं खोड, कधी चर्चचा मनोरा, कधी दुसरं शिल्प. पुढे काचेआड दगडकामाची खोली आहे. हत्यारं आणि अर्धवट कोरलेले दगड तसेच ठेवलेत. छिन्नीचे घाव कुठे थांबलेत ते मुलांना शोधायला सांगा, दहा मिनिटं शांततेची हमी.

तिकीट न काढताही हेपवर्थ यांची शिल्पं बघायला मिळतात. गिल्डहॉलबाहेर 'ड्युअल फॉर्म' आहे, मालाकॉफ बस थांब्यापाशी 'एपिडॉरस दोन' आहे, आणि सेंट इया चर्चमध्ये विमान अपघातात गेलेल्या स्वतःच्या मुलाच्या स्मरणार्थ केलेली माता-बालकाची मूर्ती. ती चुकवू नका.

टेट 1993 चं, जुन्या गॅस कारखान्याच्या जागेवर पोर्थमिअर किनाऱ्यासमोर बांधलेलं. आत शिरताना चित्रकार पॅट्रिक हेरन यांची रंगीत काच आहे, तिकिटाच्या गडबडीत लोक तिच्याकडे पाठ करून उभे असतात. 2017 साली मागची टेकडी खोदून नवीन दालन काढलं. एकही खांब नसलेलं, वरून सहा मोठ्या झरोक्यांतून उजेड येतो. चित्रं बदलत असतात, पण आल्फ्रेड वॉलिस लागलेला असेल तर तिथे थांबा. हा दर्यावर्दी माणूस बायको गेल्यावर सत्तरीच्या आसपास चित्रं काढायला लागला. बोटीला लावायचा रंग, आणि कागद म्हणजे दुकानातून आलेले पुठ्ठे. पुठ्ठ्याचा कोपरा तिरका असेल तर समुद्रही तिरका. जहाज महत्त्वाचं म्हणून घरापेक्षा मोठं. 1928 मध्ये बेन निकल्सन आणि क्रिस्टोफर वुड या चित्रकारांच्या नजरेला तो पडला, तरी 1942 साली वारला तो गरिबांच्या आश्रमातच.

त्याची कबर टेटच्या वरच्या बार्नून दफनभूमीत आहे. कुंभारकाम करणारे कलाकार बर्नार्ड लीच यांनी केलेल्या मातीच्या फरशांवर भलंमोठं दीपगृह आणि त्याच्या दारात काठी घेतलेला इवलासा माणूस.

---

प्रेषक: ब्रिस्टलच्या एक सभासद

नमस्कार. वरचं सगळं मान्य, पण गुडघेदुखीवाल्यांसाठी दोन शब्द.

टेटमध्ये लिफ्ट आहे. हेपवर्थच्या घरात जिना आहे आणि बागेत उंचसखल वाटा. दफनभूमी तर उतारावरच. ज्यांना जमणार नाही त्यांनी टेटच्या वरच्या मजल्यावरच्या कॅफेत बसावं, तिथून गावाची छपरं आणि समुद्र दोन्ही दिसतात.

लीच पॉटरीचं, म्हणजे त्याच लीच यांच्या कुंभारशाळेचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. 1920 मध्ये लीच आणि जपानी कुंभार शोजी हमादा यांनी ती सुरू केली. जपानी पद्धतीची, चढावर बांधलेली तीन कप्प्यांची भट्टी तिथे आहे. खालच्या कप्प्यातली आच वरच्यात जाते, त्यामुळे तीच आच पुन्हा उपयोगी. आता ती पेटवत नाहीत. पॉटरी गावाबाहेर चढावर आहे, पंधरा-वीस मिनिटांची चाल. टॅक्सीने वर जा आणि चालत उतरा, उलट करू नका.

खाण्याचं: पारंपरिक पास्टीत (कॉर्नवॉलची मोठी करंजी) गोमांस असतं, न विचारता घेऊ नका. चीज-कांद्याची सगळीकडे मिळते, पण वरच्या पारीत कुठली चरबी आहे ते विचारा. दशम्या आणि चटणी बरोबर असली की निश्चिंती. आणि सीगलपासून सांभाळा! ते मागून येतात, म्हणून भिंतीला पाठ लावूनच खावं. आइस्क्रीमचा कोन उंच धरलेलं पोर हे त्यांचं ठरलेलं गिऱ्हाईक.

---

प्रेषक: ट्रुरोचे एक सभासद

ताईंचं बरोबर आहे, लीच पॉटरी राहिलीच होती. वेळ असेल तरच ती धरा. हेपवर्थ, टेट आणि बोट एका दिवसात पुरे होतात.

बोटीबद्दल: सील प्राणी बघायला सील आयलंडच्या फेऱ्या बंदरातून सुटतात, साधारण तास-सव्वा तास. बंदर ओहोटीला कोरडं पडतं, होड्या वाळूवर कलंडतात, मग बोट धरायची जागाही बदलते. इथे तुमचं कालनिर्णय कामाला येतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी भर दुपारी लागते, अष्टमीच्या सुमारास दुपारी भरती असते. रोज पन्नास मिनिटांच्या आसपास वेळ पुढे सरकते. सहलीची तारीख अष्टमीजवळची धरलीत तर बोट सोयीची, पौर्णिमेजवळची धरलीत तर मुलांना बंदरातच वाळूत खेळता येईल. नेमक्या वेळा मात्र भरतीच्या तक्त्यातच बघा. उत्तरेकडून लाटा आल्या की फेऱ्या रद्द होतात, ऊन पडलेलं असलं तरी.

पोहायचं तर पोर्थमिअरवर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच. काळा-पांढरा झेंडा सर्फिंगवाल्यांचा. लहान मुलांना स्टेशनाखालचा पोर्थमिन्स्टर बरा, तिथे लाटा कमी. परतीच्या गाडीलाही तो किनारा सगळ्यात जवळ, तेव्हा पाचनंतर सगळ्यांनी तिथेच जमावं असं आधी ठरवून ठेवा.