सांस्कृतिक राजधानीचा किताब : शहराच्या पदरात नक्की काय पडतं?

प्रश्न
युरोपीय संघ दरवर्षी काही शहरांना एका वर्षासाठी 'युरोपियन सांस्कृतिक राजधानी' हा किताब देतो. अशा शहरात पर्यटक वाढतात, हे ठीक. पण त्यातला किताबामुळे झालेला फायदा वेगळा काढायचा कसा? आणि वर्ष सरल्यावर काय उरतं?

हिशेबनीस
आधी एक गैरसमज दूर करू. किताबाबरोबर मोठी थैली मिळत नाही. युरोपीय संघाकडून किताबाच्या शहराला मिळणारं मेलिना मर्कूरी पारितोषिक १५ लाख युरोंचं, तेही निवडीच्या वेळी दिलेला शब्द पाळला तरच. बाकीचा पैसा शहर, प्रांत, देशाचं सरकार आणि प्रायोजक यांच्याकडून उभा करावा लागतो.

मोजणीसाठी इंग्लंडमधलं लिव्हरपूल (किताबाचं वर्ष २००८) अवश्य बघा. त्या वर्षी सुमारे ९७ लाख भेटी किताबामुळे झाल्या, म्हणजे एकूण भेटींच्या ३५ टक्के. त्यातून ७५ कोटी पौंडांहून जास्त खर्च झाला. पण शहरातल्या हॉटेलांत जादा मुक्काम पडले ते ११.४ लाख रात्रींचे. म्हणजे बरेच लोक आले तसे परतले. मेख इथेच आहे. मुक्कामी पाहुणा खोली घेतो, रात्री जेवतो, टॅक्सी करतो, दुसऱ्या दिवशी संग्रहालयही बघतो. दिवसाभराच्या पाहुण्याकडून तिकीट आणि कॉफीपलीकडे फारसं हाती लागत नाही.

नगरवेध
पाहणीत दोन प्रश्न हवेतच : "कार्यक्रम नसता तर आला असतात का?" आणि "रात्री कुठे राहणार?" पहिल्याला "हो" म्हणणारे वजा करा. स्थानिकांचा खर्चही वजा करा, कारण ते पैसे गावातच दुसरीकडे खर्च झाले असते. तुलनेसाठी निदान दोन वर्षं आधीपासूनचे आकडे जमवा. नुसतं आदल्या वर्षाशी ताडून पाहिलं तर त्या वर्षीची मंदी किंवा तेजी हिशेबात शिरते.

इटलीतल्या मातेराने (२०१९) कार्यक्रमांसाठी १९ युरोंचा वर्षभर चालणारा पास काढला. मला ही युक्ती फार मोलाची वाटते : एका मैफलीसाठी आलेल्याला आणखी एक दिवस थांबायला कारण मिळतं.

हिशेबनीस
उरण्याबद्दल : वर्ष उलटलं की मुक्काम घसरू शकतात, म्हणून केवळ त्या वर्षाच्या भरवशावर नवी हॉटेलं बांधणं धोक्याचं. ब्रिटनच्या स्वतंत्र योजनेत कॉव्हेंट्री २०२१ साली 'सिटी ऑफ कल्चर' होतं. आयोजन करणारा न्यास फेब्रुवारी २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला आणि पुढच्या कामांची वाट लागली. पुढच्या तीन वर्षांचा निधी आणि माणसं उद्घाटनाआधीच ठरवून ठेवा.