‘मना गोरी काढ’: शेजाऱ्यांची चित्रं काढतानाचे अनुभव

तिवर, नेरूळ

नेरूळला येऊन अकरा वर्षं झाली. सारसोळेची जेट्टी घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. पहिली आठ वर्षं मी तिकडे फक्त मासळी घ्यायला गेले. मग गुडघ्याच्या दुखण्यात तीन महिने घरी बसावं लागलं, लेकीचा जुना रंगांचा डबा सापडला, आणि चालायला लागल्यावर मी पिशवीत वही टाकून जेट्टीवर जाऊन बसायला लागले.

आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर एक काकी मासळी घेऊन बसतात. त्यांना मी दोन दुपारी काढलं. टोपली, पाट, कोयता, मागे निळी ताडपत्री. रंगावर मी खूश होते. काळा रंग मिसळला की चेहरा मेल्यासारखा दिसतो हे तोवर कळलं होतं, म्हणून येलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि सावलीला अल्ट्रामरीन वापरला होता. काकींनी चित्र हातभर लांब धरलं. म्हणाल्या, "एवरी काली हाय का मी? मना गोरी काढ."

मी मनातल्या मनात भाषण तयार केलं, सावळा रंग किती सुंदर वगैरे. तेवढ्यात त्यांनी बांगड्या वर सारल्या आणि मनगटाची आतली बाजू माझ्यासमोर धरली. "हा बग माजा रंग. तो उन्हाचा." आणि मग, "आनि टोपली कशाला? टोपली तू रोज बगतेस."

दुसऱ्या वेळी त्या खुर्चीवर बसल्या. गळ्यात सोनं, अंबाड्यात अबोली, हात मांडीवर. चित्र म्हणून ते फसलंय, मान आखडलेली आहे, हे मला दिसतं. तेच त्यांच्या घरी टीव्हीच्या वर लागलंय. पहिलं माझ्याकडे आहे. येणारे-जाणारे त्याचं कौतुक करतात आणि मला दर वेळी ते मनगट आठवतं.

तुम्ही गल्लीतल्यांना, बाजारातल्यांना, शेजाऱ्यांना समोर बसवून काढलं असेल, किंवा तुम्हालाच कुणी काढलं असेल, तर लिहा. चित्र बरं आलं की वाईट याला महत्त्व नाही. कोण बसलं, कोण उठून गेलं, आणि चित्र आज कुणाकडे आहे, एवढं सांगा.

निळं बॉलपेन, ठाणे

मी चेंदणीचा. आमच्या कोळीवाड्याजवळून १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी येऊन थांबली, आणि तेव्हापासून गाव रुळांच्या दोन अंगांना झालं. आता लोकांना ठाणे स्टेशन माहीत असतं, चेंदणी बंदर विचारावं लागतं.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी बॉलपेनने काढायला लागलो. रंग नको, पाणी नको, चुकलं तर पान उलटायचं. बंदराकडे एक म्हातारे नाखवा जाळं दुरुस्त करत बसायचे, त्यांना काढत होतो. पहिल्या दिवशी संध्याकाळी सहाला खाडी काठोकाठ, त्यांच्या चेहऱ्यावर खालून पाण्याचा उजेड. अर्धं चित्र झालं. तीन दिवसांनी त्याच वेळी गेलो तर पाणी अजून भरायचं होतं, आणि चेहरा काळवंडलेला. मी चरफडलो. नाखवा हसले. म्हणाले, कालनिर्णय बघून येत जा.

मग त्यांनी हिशोब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, आली भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास, म्हणजे संध्याकाळी सहाला नुसता चिखल. खाडीत आत आलं की थोडं पुढेमागे होतं. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढे सरकते, त्यामुळे तेच पाणी त्याच उजेडात परत हवं असेल तर पंधरा दिवस थांबायचं. उधाणाचं पाणी आणि भांगाचं पाणी वेगळं, हे त्यांनी नंतर सांगितलं. अष्टमीचं पाणी भांगाचं, ते फार चढत नाही, पण शांत असतं. चित्राला तेच बरं.

ते एक चित्र पुरं व्हायला चार अष्टम्या लागल्या. नाखवांनी ते पाहिलं आणि फक्त एवढंच म्हणाले की जाळ्याची गाठ चुकलीय.

सेक्टर सतरा

माझा अनुभव चार ओळींचा. वाशीत आमच्या सोसायटीच्या वॉचमनना काढायला घेतलं, रात्रपाळीनंतर सकाळी सातला. पाचव्या मिनिटाला ते झोपले. मी झोपलेलेच काढले. चित्र छान आलं. कमिटीच्या सेक्रेटरींच्या नजरेला पडेल म्हणून आम्ही दोघांनी मिळून फाडलं.

लॅपटॉपवाला कोळी, दिवाळे

रागावू नका, पण लिहितोच. मी दिवाळे गावातला. रविवारी आमच्या जेट्टीवर वही घेतलेले, कॅमेरा घेतलेले बरेच येतात. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ ला रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, चांगलंच झालं. पण पक्ष्यांचा फोटो काढायला आलेला माणूस वडिलांना हात करून सांगतो, होडी जरा बाजूला घ्या. आणि चित्रवाल्यांना होडी हवी असते, वडील हवे असतात, पण मोटार नको, निळा प्लॅस्टिकचा ड्रम नको, वडिलांच्या अंगातला क्रिकेटचा टी-शर्ट नको. एकाने त्यांना विचारलं होतं, सुरका (कोळ्यांचा कमरेचा जुना रुमाल) नेसाल का? वडील घरात जाऊन पँट घालून आले.

मी महापेला आयटीत काम करतो. सकाळी कधीकधी वडिलांबरोबर खाडीत जातो, मग अंघोळ करून कंपनीची बस पकडतो. मला कुणी काढायला मागितलं नाही अजून. आजीला मात्र आतापर्यंत सहा जणांनी काढलंय. एकही चित्र आमच्या घरी नाही.

एकाने डोल जाळं काढलं होतं आणि खाली लिहिलं होतं, जाळे फेकताना कोळी. वडील म्हणाले, "पाग आनि डोल यांतला फरक कलत नाय, आनि जालं काढतंय." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पाग हाताने फेकतात. डोल प्रवाहात बांधून ठेवतात, ते कुणी फेकत नाही.

तिवर

नाही रागावले. पाग आणि डोलमधला फरक मलाही आज कळला. सहा चित्रं आणि घरी एकही नाही, हे वाचून मात्र माझी वही चाळली. अठरा माणसं आहेत. त्यांच्यापर्यंत पोचलेली चित्रं चार.

जेजेची जुनी बाकं

दिवाळेच्या मित्राला एक सांगतो. ही सवय आमच्या शिक्षणातच आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं. तिथेच शिकलेले आणि तिथेच शिकवलेले चित्रकार म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांनी मुंबईतल्या नाना धंद्यांच्या माणसांची पोस्टकार्डं केली. हात काय होता त्या माणसाचा! पण पोस्टकार्ड म्हटलं की धंदा आधी दिसतो, माणूस मागून. आम्ही तेच गिरवत आलो. वर्गात मॉडेल बसवायचं तर डोक्यावर घागर नाहीतर हातात टोपली. त्या बाईचं नाव वर्गात एकालाही माहीत नसायचं. मलाही नव्हतं.

स्मरणचित्र

मी ऐरोलीकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसणाऱ्या मुलांचं स्मरणचित्र कसं असतं हे परीक्षक झालेल्या कुणालाही विचारा. भाजी मंडई, बस स्टॉप, पावसात छत्र्या. मुलांनी तीन चित्रं पाठ केलेली असतात, विषय काहीही येवो, त्यातलंच एक बसवतात. बस स्टॉपवर उभी असलेली माणसं खरं तर गेल्या वर्षीच्या मंडईतली असतात.

एकदा मी वैतागून सांगितलं, परीक्षा गेली खड्ड्यात, तुमच्या गल्लीतला एक माणूस काढून आणा. टॉवरमधल्या मुलांनी लिफ्टमधले काका काढले, डिलिव्हरीवाले दादा काढले. गावठाणातल्या एका मुलीने आजी आणली. आजी निवट्या (चिखलातले छोटे मासे) धरतेय, कमरेला टोपली, लुगडं वर खोचलेलं, मागे तिवरांची झुडपं आणि त्यांची चिखलातून वर आलेली पेन्सिलीसारखी मुळं. फार जोरकस. पण आजीला गुडघ्याखाली काही नव्हतंच. मी सवयीने लाल पेनाने लिहिलं, पाय राहिले.

ती वही घेऊन परत आली. "सर, पाय चिखलात हायत."

मार्क वाढवले. लाल शाई मात्र गेली नाही, त्यावर तिने नंतर एक चिंबोरी काढली.

ब्रश ठेवला

मी आर्टिस्ट नाही, पेंटर. घणसोली, गोठिवली, तळवली, सगळीकडे लग्नाच्या भिंती मीच रंगवायचो. चि. आणि चि. सौ. कां., वर गणपती, दोन बाजूंना केळी. ऑइल पेंट, वास डोक्यात जायचा. काही घरी पुढारी किंवा गेलेले आजोबा भिंतीवर हवे असायचे. तेव्हा पासपोर्टच्या फोटोवर चौकोन आखायचे, भिंतीवर तेवढेच मोठे चौकोन, आणि एकेक घर भरत जायचं. नाक कुठल्या घरात येतं ते बरोबर आलं की माणूस ओळखू येतो. डोळ्यांत पांढरा ठिपका शेवटी. तो टाकला की मागे उभी असलेली बाई रडायला लागते. हे मी तीन-चार वेळा बघितलंय, त्यामुळे ठिपका टाकायच्या आधी चहा घ्यायचो.

आता फ्लेक्स. मुलगा कॉम्प्युटरवर वाढदिवसाचे बॅनर करतो. पहिल्या ताईंनी मनगट दाखवल्याचं लिहिलंय, ते वाचून हसलो. आमच्याकडे मनगट वगैरे कोणी दाखवत नाही, सरळ सांगतात, दोन नंबर उजळ कर. एका वाढदिवसाला इतका उजळ केला की त्याच्याच भावाने विचारलं, हा कोण?

माळ्यावरची फ्रेम, कोपरी

शेजारचे आजोबा माझ्या लग्नाच्या आधीपासून रोज संध्याकाळी जिन्यात खुर्ची टाकून बसतात. त्यांना काढलं, फ्रेम करून दिलं. आजींनी फ्रेम बघितली आणि हात जोडले. जिवंत माणसाचा असा चेहरा भिंतीवर नको, उद्या कोणी हार घालेल म्हणाल्या. मला कानकोंडं झालं. फ्रेम कपाटामागे गेली.

पण गंमत पुढेच. कोणी पाहुणा आला की आजोबा कपाट थोडं सरकवतात, फ्रेम काढतात, दाखवतात आणि आजी चहा घेऊन बाहेर यायच्या आत परत मागे सारतात. फरशीवर कपाटाच्या पायाचे ओरखडे पडलेत. आजी मला म्हणतात, पॉलिश करून घ्यायला हवं. ओरखडे कशाचे ते त्यांना माहीत आहे, असा माझा दाट संशय आहे.

ओला कागद

कामाचं विचारतो. पावसाळ्यात जलरंग वाळतच नाहीत. गेल्या जुलैत कागदावर बुरशीचे ठिपके आले, एका बाईंच्या गालावर देवीचे व्रण असावेत तसे. काय करता?

निळं बॉलपेन

बॉलपेन वापरतो.

जेजेची जुनी बाकं

कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. त्या बुटांच्या खोक्यात येतात, फेकू नका. भिंतीला टेकवून ठेवू नका, भिंतच ओली असते. आणि एक, पावसाळा वाया घालवू नका. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तेव्हा कोळीवाड्यात माणसं घरी सापडतात. जाळी विणत बसलेला माणूस तासभर जागचा हलत नाही. वर्गातल्या मॉडेलला आम्ही दर पंचवीस मिनिटांनी विश्रांती द्यायचो, यांना तीही लागत नाही.

लॅपटॉपवाला कोळी

जाळी विणतो तेव्हा माणूस हलत नाही, पण डोकं खाली असतं, चेहरा दिसत नाही. हे कुणी सांगितलं नाही का?

जेजेची जुनी बाकं

खरंय. माझ्या वहीत पावसाळ्याची सगळी पानं टकलांची आहेत.

काढून घेतलेली

मी चित्र काढत नाही, माझं काढलंय. जुहूगावात माहेर. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या एका मुलीने मला दहावीच्या सुट्टीत काढलं होतं. ओटीवर बसून कोलंबी सोलत होते. ती सारखी म्हणायची, हलू नको, आणि आई आतून ओरडायची, आटप. शेवटी मी सोलत राहिले आणि तिने फक्त हात काढले, चेहरा नाहीच. चित्र घेऊन ती गेली, पत्ता माहीत नाही. कोणाच्या तरी भिंतीवर माझे सोळा वर्षांचे हात आहेत. डाव्या अंगठ्यावर कापल्याची खूण आहे. कुठे दिसलं तर सांगा.

तिवर

दिवाळेच्या दादा, सहापैकी एकही चित्र घरी नाही, हे डोक्यातून जात नाही. तुमच्या घरासाठी काढायला येऊ का? कोणाचं काढायचं ते तुम्ही ठरवा. ड्रम ठेवेन, मोटार ठेवेन, टी-शर्टवरचा नंबरही ठेवेन. तुम्ही बसणार असाल तर लॅपटॉपसकट. कागद तिथेच सोडून येईन.

लॅपटॉपवाला कोळी

वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणतात, येत्या रविवारी अष्टमी हाय, सहाला पानी भरंल, तवा या. मी बसणार नाही, मला हसू येतं. ते बसतील. पण खुर्चीवर नाही, होडीत.

तिवर

होडी हलेल.

लॅपटॉपवाला कोळी

त्यांना तेच विचारलं. म्हणाले, मंग तिलापन होडीत बसव.