मदत हवी आहे: आई कोरोनातून बरी झाली, पण आरटी-पीसीआर टेस्ट अजून पॉझिटिव्ह. २४ मार्चला मुंबई–नेवार्क विमान

नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागला राहतो. २४ मार्च २०२१ ला आईचं मुंबईहून नेवार्कला जायचं थेट विमान आहे. धाकटी बहीण न्यू जर्सीत असते, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिचे दिवस भरतात. पहिलंच बाळंतपण, आणि तिकडे सासर-माहेरचं कुणी नाही. आज १३ तारीख, म्हणजे हातात अकरा दिवस.

आईचं वय ६१. ९ फेब्रुवारीला ताप आला, १२ ला टेस्ट पॉझिटिव्ह. १४ ला मिरजेत अ‍ॅडमिट केलं, चार दिवस ऑक्सिजन लागला, २२ ला घरी आणलं. सोडताना परत टेस्ट केली नाही. मे २०२० पासून डिस्चार्जचा नियमच तसा आहे, लक्षणं गेली आणि दहा दिवस झाले की सोडतात. त्यामुळे डिस्चार्ज कार्डावर 'निगेटिव्ह' हा शब्द कुठेच नाही. तेव्हा आम्हाला त्याचं काही वाटलं नाही.

१० मार्चला, आधीच अंदाज यावा म्हणून, खाजगी लॅबमध्ये टेस्ट करून घेतली. पॉझिटिव्ह. सीटी व्हॅल्यू ३३ (हा आकडा जितका मोठा, तितका विषाणू कमी). छातीचे डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका, मेलेल्या विषाणूचे तुकडे कित्येक आठवडे सापडत राहतात, त्यांच्यापासून आता कुणाला लागण होणार नाही. हे मला पटलं. आईला नाही. रिपोर्ट कळल्यापासून तिने ताट-वाटी पुन्हा वेगळी काढली, मागच्या खोलीत झोपते, माझ्या मुलीशी दारातूनच बोलते. बॅगेत भरलेले डिंकाचे लाडू आणि अळीवही काढून ठेवलेत. मी बघतोय आणि मला काही सुचत नाही.

आता कागदांचं. अमेरिकेने २६ जानेवारीपासून विमानाआधी तीन दिवसांतली निगेटिव्ह टेस्ट सक्तीची केली आहे. पण त्याच आदेशात दुसरी वाटही दिसते: मागच्या ९० दिवसांतला पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि 'प्रवासाला हरकत नाही' असं डॉक्टरांचं पत्र. १२ फेब्रुवारी ते २४ मार्च म्हणजे ४० दिवस, आम्ही त्यात बसतो. विमान कंपनीला दोनदा फोन केला. पहिल्यांदा सांगितलं, निगेटिव्हच लागेल. दुसऱ्यांदा म्हणाले, पत्र चालेल, पण शेवटी काउंटरवर ठरेल. सांगलीहून रात्रभर गाडीने जायचं आणि काउंटरवरून परत फिरायचं, हे झालं तर आई पुन्हा निघायची नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

या पत्रावर मुंबईहून खरोखर कुणी गेलं आहे का? पत्र फॅमिली डॉक्टरांचं चालतं, की छातीच्या डॉक्टरांचंच हवं? आणखी एक अडचण म्हणजे पहिला रिपोर्ट आधारवरून केला आहे. आधारवर आडनावात डब्ल्यू आहे, पासपोर्टवर व्ही. जन्मतारीखही नाही, नुसतं वय. यावरून अडवतील का?

शिवाय बसून रक्तातला ऑक्सिजन ९६ टक्के असतो, सहा मिनिटं चालवलं की ९२ वर येतो. सोळा तासांचा प्रवास झेपेल ना?

प्रतिसाद १

दादा, आमच्या सासऱ्यांना मागच्या महिन्यात याच पत्रावर पाठवलं. डॉक्टर नोंदणीकृत असले की झालं. पत्र लेटरहेडवर हवं, त्यावर डॉक्टरांचं नाव, पत्ता, फोन, सही, तारीख. मजकुरात 'क्लिअर्ड फॉर ट्रॅव्हल' हे शब्द जसेच्या तसे घाला. 'तब्येत ठीक आहे' एवढ्यावर भागवू नका. नावाचं मात्र आजच बघा. रिपोर्ट आणि पत्र दोन्हींवरचं नाव पासपोर्टशी जुळलं पाहिजे, सोबत जन्मतारीख किंवा पासपोर्ट नंबर पाहिजे. लॅबला पासपोर्टची झेरॉक्स देऊन दुरुस्त प्रत मागा. एचआरसीटी (छातीचा स्कॅन) किंवा अँटीबॉडीचा कागद पुढे करू नका, तो धरत नाहीत. आणि आता पुन्हा पुन्हा टेस्ट करू नका, काकूंना उगाच घोर लागतो.

प्रतिसाद २

मी साताऱ्यात प्रॅक्टिस करतो. विमानातली हवा जमिनीवरच्यासारखी नसते. आतला दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर असावा तेवढा ठेवतात. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे, यावरून कल्पना करा. बसून ९५ च्या वर असेल तर सहसा ऑक्सिजन लागत नाही, ९२ च्या खाली असेल तर लागतो, मधल्यांचं तपासून ठरवावं लागतं. तुमच्या आईंचा बसून आकडा चांगला आहे, पण चालल्यावर पडतोय आणि आजार ताजा आहे. प्रवासाआधी छातीच्या डॉक्टरांकडून चालण्याची चाचणी पुन्हा करून घ्या. विमान कंपनीचा मेडिफ फॉर्म, म्हणजे प्रवाशाच्या तब्येतीच्या माहितीचा फॉर्म असतो, त्यातला एक भाग उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी भरायचा. घरचा सिलिंडर विमानात नेता येत नाही. ऑक्सिजन लागलाच तर मान्यताप्राप्त कॉन्सन्ट्रेटर (हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढून देणारं यंत्र) न्यावा लागतो, आणि त्याच्या बॅटऱ्या प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील इतक्या हव्यात. विमानतळावर व्हीलचेअर जरूर मागा, कमीपणा मानू नका.

मूळ प्रश्नकर्ता, १६ मार्च

दोघांचेही मनापासून आभार. लॅबने आज दुरुस्त रिपोर्ट दिला: व्ही, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, सगळं आलं. पत्र छातीच्या डॉक्टरांनीच लिहिलं, ते तीन शब्द घालून. चालण्याची चाचणी त्यांनी १९ तारखेला ठेवली आहे, तोवर सकाळ-संध्याकाळ गच्चीवर फेऱ्या आणि श्वासाचे व्यायाम. तुमचा महाबळेश्वरचा दाखला आईला वाचून दाखवला. म्हणाली, लग्नानंतर महाबळेश्वरला चढून-उतरून सगळे पॉइंट बघितले होते. आज ती आमच्याबरोबर जेवायला बसली.

आता मेडिफचं तेवढं राहिलं. भरलेला फॉर्म ईमेलवर पाठवला, अजून उत्तर नाही. मंजुरी लेखी येते का, आणि ती छापून काउंटरवर दाखवावी लागते का? कुणाला अनुभव असेल तर २० तारखेच्या आत सांगा. २३ ला रात्री सांगलीतून निघणार आहोत.