स्वयंसेवी संस्थेसोबत झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजना : मधला पैसा कोण उभा करणार?

नियोजित सचिव : आमच्या वस्तीत ११२ झोपड्या आहेत आणि आधीच्या विकासकाने सात वर्षांत मोजणीपलीकडे काहीही केलेले नाही. आता रहिवाशांच्या संस्थेनेच विकासक व्हावे आणि एखाद्या स्वयंसेवी संस्थेला सोबत घ्यावे, असे चालले आहे. विक्री घटकातून, म्हणजे खुल्या बाजारात विकायच्या घरांतून, पुनर्वसनाचा खर्च भागतो हे कागदावर दिसते. पण ती विक्री होईपर्यंतचा खर्च कोणी करायचा? बँकेच्या व्यवस्थापकांनी आमचे ठराव वाचण्याआधीच ‘तारण काय देता?’ असे विचारले. जमीन महापालिकेची आहे.

जुना कार्यकर्ता : हीच अडचण धारावीतील राजीव-इंदिरा या संस्थेलाही आली होती. त्या ५४ कुटुंबांच्या मागे स्पार्क ही स्वयंसेवी संस्था, नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन हा झोपडीवासीयांचा महासंघ आणि महिला मिलन हे बचतगटांचे जाळे उभे होते, तरीही सिटीबँकेचे कर्ज मिळण्यासाठी होमलेस इंटरनॅशनल या ब्रिटिश संस्थेची हमी लागली. या अनुभवातूनच पुढे २००२ मध्ये ‘क्लिफ’ नावाचा निधी उभा राहिला. बँक पुढे येईपर्यंत काम अडू नये म्हणून वस्त्यांच्या प्रकल्पांना त्यातून मधल्या काळाचे भांडवल मिळू लागले. तेव्हा संस्था निवडताना तिचे समाजकार्य जरूर पाहा, पण तिच्या नावावर बँक हमी स्वीकारते का, हे आधी विचारा.

जमाखर्च : हमी म्हणजे रोकड नव्हे, एवढी भर घालतो. आता झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण रहिवाशांच्या तात्पुरत्या घरांचे दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा करायला लावते. महिना १५,००० रुपये धरले, तरी ११२ कुटुंबांचे ४ कोटी ३ लाख २० हजार रुपये पाया खणण्याआधीच लागतात. टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घेणार असाल तर तो बांधकामाच्या टप्प्यांनुसार हाती येतो आणि त्याचा बाजारभाव वर्षभरात पडूही शकतो. म्हणून ताळेबंद आजच्या दराने न मांडता निदान चौथाई कमी दराने मांडावा. त्यातही तूट येत नसेल तरच पुढे जावे. आणखी एक : तूट आलीच तर ती कोणी सोसायची, हे करारात स्पष्ट लिहून घ्या. स्वयंसेवी संस्थांच्या करारांत हे कलम नसले, तर मग चांगल्या माणसांशीच भांडणे होतात.

बचतगटवाली : आमच्याकडे नकाशा कोणालाच कळेना, तेव्हा बायकांनी मैदानात बांबू रोवले आणि त्यांना जुन्या साड्या बांधून ३०० चौरस फुटांचे घर प्रत्यक्ष आकाराचे उभे केले. मोरीचे दार चुलीसमोर येते आहे, हे त्या साड्यांमुळेच लक्षात आले. संमतिपत्रांवर सह्या त्यानंतर भराभर झाल्या. रोजच्या बचतीतून कोट्यवधी रुपये उभे राहत नाहीत हे खरे. पण दहा वर्षांची पासबुके समोर ठेवल्यावर कर्ज देणाऱ्याचा सूर बदलतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

नियोजित सचिव : सर्वांचे आभार. पासबुके आमच्याकडे फक्त चार वर्षांची आहेत. रविवारच्या सभेत परिशिष्ट-२ (पात्र झोपडीधारकांची अधिकृत यादी) मधील पात्र कुटुंबांचा आकडा पक्का करून, कमी दराचा ताळेबंद इथे मांडतो. ‘जमाखर्च’ यांनी तो तपासून द्यावा, ही विनंती.