हवाना सिंड्रोम: कारण नको, दुखापत दाखवा

हवाना सिंड्रोम म्हणजे अमेरिकी सरकारी कर्मचाऱ्यांना जाणवलेला डोकेदुखी, चक्कर असा गूढ त्रास; तो पहिल्यांदा क्युबातल्या हवानात आढळला. 'कारणच सापडलं नाही तर भरपाई कशाच्या जोरावर मागणार?' हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेच्या २०२१ च्या हवाना कायद्याने नेमकी हीच अडचण बरीचशी टाळली. हल्ला कुणी केला, कोणत्या यंत्राने केला, हे कर्मचाऱ्याने सिद्ध करायचं नाही. मेंदूला दुखापत झाल्याचं तज्ज्ञ डॉक्टरने प्रमाणित करायचं आणि ती घटना त्याच्या सरकारी खात्याने ग्राह्य धरायची. म्हणूनच मार्च २०२३ मध्ये अमेरिकी गुप्तचर संस्थांनी 'परकीय शत्रूचा हात असण्याची शक्यता फारच कमी' असा निष्कर्ष काढला, तरी कायदा जागेवर राहिला. परराष्ट्र खात्याच्या २०२२ च्या नियमांत एकरकमी मदत साधारण १ लाख ४० हजार ते १ लाख ८७ हजार डॉलर होती.

मेख पुढे आहे. कायदा म्हणतो, खातं पैसे देऊ 'शकतं'. द्यायलाच हवेत असं नाही. म्हणजे मालकही तेच, पंचही तेच! शिवाय कागद गोपनीय, त्यामुळे वकिलालाही सुरक्षा परवाना, म्हणजे गोपनीय माहिती पाहण्याची सरकारी परवानगी लागते. अशा अनेक पीडितांचे वकील मार्क झेड (Zaid) यांचा परवाना मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी काढायला लावला. ते त्याविरुद्ध कोर्टात गेले. पक्षकारांनी मात्र मधल्या काळात काय करायचं होतं?