मदत हवी आहे : कोल्हापूर पासिंगची, १,६२,००० किलोमीटर चाललेली गाडी

मी बेळगावचा असून पहिलीच गाडी घेत आहे. निपाणीत राहणाऱ्या एका परिचितांकडे २०१५ची डिझेल स्विफ्ट डिझायर आहे, पासिंग एमएच ०९. सर्व्हिसच्या नोंदी मीटरशी जुळतात, कर्जाचा बोजा नाही, आणि मेस्त्रींनी इंजिन थंड असताना सुरू करून धूर व आवाज पाहिला, तेव्हा काही खटकले नाही. क्लच तेवढा जड आहे, पण त्याचा खर्च किमतीतून वजा होईल. रोज खानापूरला जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात, त्यामुळे डिझेलच हवी.

खरी काळजी कागदपत्रांची आहे. गाडी कायमची इथेच राहणार असल्याने बेळगावचा केए २२ क्रमांक घेऊन कर्नाटकाचा कर भरावाच लागेल. नमुना २८ची ना-हरकत (गाडी दुसऱ्या राज्यात नेण्यासाठी आरटीओकडून मिळणारे प्रमाणपत्र) जुन्या मालकांच्या नावावर काढून इथे हस्तांतर व नवा क्रमांक एकदम होतो, की आधी कोल्हापुरात गाडी माझ्या नावावर करावी लागते, आणि महाराष्ट्रातील उर्वरित कराच्या परताव्यासाठी अर्ज कोणी करायचा?